मोकळा गुरुवार

सोलापूर, ११ जून २०२४

अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस. होतं तसंच आहे सगळं. फोनवर बोलायचं तर दोन खोल्यांचं घर, इकडचं तिकडं ऐकू जातं, आणि ह्यांच्याबद्दलचं बोलणं ह्यांच्याच कानावर कसं घालू? म्हणून दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. ह्यांचं आत डायलिसिस चाललंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ह्या तीन दिवसांचा अर्धा अर्धा दिवस मी ह्याच बाकावर असते, हे तुला माहीत आहेच. अंगणवाडीत तोवर मदतनीस बाई पोरं सांभाळतात. सुपरवायझर मॅडम एकदा बोलल्या, दुसऱ्यांदा बोलल्या, आता नुसत्या बघतात.

घराचं काय सांगू. नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, म्हणून दोन्ही खोल्यांत पिंप, घागरी, बादल्या. त्यांतून वाट काढत चालायचं. आणि एवढ्या पाण्यात बसलेल्या माणसाला मी दिवसाचं पाणी बाटलीनं मोजून देते. औषधं फ्रीजवर, टीव्हीवर, देवाजवळ. रिपोर्ट गादीखाली. मायाची नववीची पुस्तकं कॉटच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला तिचे बाबा झोपलेले. ती पान उलटतानासुद्धा हळू उलटते.

परवा ह्यांच्या इंजेक्शनची चिठ्ठी सापडेना. सगळं घर उपसलं. दवाखान्यात पोचलो तर मशिनवर दुसऱ्याला घेतलेलं. हे दुपारपर्यंत धापा टाकत बसले आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच लागलं मला.

अंगणवाडीत मी पोरांची वजनं करते आणि घरी नवऱ्याचं. मधे माझं काय होतं कळत नाही. तू करमाळ्याच्या स्टँडवर एवढ्या गाड्या सोडतेस, माझ्या घराचीही गाडी जरा लायनीवर आण की.

उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी दिपा

*

करमाळा, १६ जून २०२४

दिपे,

पत्र ड्युटीवरच वाचलं. मागं जामखेडची गाडी हॉर्न देत होती, तिला म्हटलं थांब जरा.

आता नीट ऐक. सगळं घर एका दिवसात काढायला बसू नकोस. बाया तिथंच फसतात. पसारा खाली ओढतात, संध्याकाळ होते, आणि तो दुप्पट होऊन परत वर जातो. रोज एकच कोपरा घे. आज फ्रीजचं डोकं, उद्या कॉटखाली. वस्तू हातात आली की तिथल्या तिथं ठरव, लागते का नाही. "बघू नंतर" म्हणून ठेवलेलं सगळं म्हणजेच पसारा.

औषधं घरात एकाच ठिकाणी. चपलेचं खोकं चालेल, पण एकच. सकाळ, दुपार, रात्र असे पुठ्ठे लावून तीन कप्पे कर. रिपोर्ट तारखेनं लावून एका पिशवीत घाल आणि पिशवी दारामागं खिळ्याला टांग. दवाखान्याला निघताना हात आपोआप तिथं जाईल. चिठ्ठी, आधार, कार्ड, सगळं त्याच पिशवीत. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी पिशवी खिळ्याला.

पाण्याचं तर मला चित्रच दिसलं. एवढी लहान भांडी कशाला? दोन मोठी पिंपं मोरीच्या भिंतीला लावून घे, बाकीची एकात एक घालून माळ्यावर. जमीन मोकळी झाली की अर्धा ताण जातो बघ.

आणि वर्षभर ज्याला हात लागला नाही ते घरातून काढ. कोणाचं का असेना. जीव धरून बसू नकोस. मायाला खिडकीजवळ एक जागा दे. फळी का असेना, पण तिची.

वेळेचं नंतर सांगते. आधी जागा.

रुपाली

*

सोलापूर, २७ जून २०२४

अक्का,

तू म्हणालीस तसं एकेक कोपरा घेतला. खोटं वाटेल, पण परवा जमीन दिसली! माया फरशीवर आडवी पडून म्हणाली, "आई, आपलं घर एवढं मोठं हाय व्हय?" खिडकीपाशी तिला फळी ठोकून दिलीय. आता ती मोठ्यानं वाचते. पिशवी खिळ्याला आहे. आज चिठ्ठी हुडकावी लागली नाही.

एका ठिकाणी मात्र अडले. ह्यांच्या कॉटखाली पुठ्ठ्याच्या नमुन्यांचा गठ्ठा होता. शाळेचे शर्ट, हाफपँट, मुलींचे पिनाफोर फ्रॉक, सगळ्या मापांचे. हे अक्कलकोट रोडला मैनुद्दीनभाईंच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते तेव्हाचे, स्वतः कापलेले. आजारपणात काम सुटल्यापासून कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं, अक्काचा नियम आहे, वर्षभर हात लागला नाही ते काढायचं. ह्यांनी गठ्ठा जवळ ओढून घेतला. म्हणाले, "रद्दीत टाकू नगं. मैनूला दिऊन येतो. त्याच्या कामाला येतील." आणि काल दुपारी रिक्षानं एकटेच गेले. मी नको म्हणत होते. आले ते संध्याकाळी. दमले होते, पण भाकरी दीड खाल्ली आणि मायाशी बोलत बसले.

जागेचं झालं. पण वेळ काही सापडत नाही. सुपरवायझर मॅडमनी लेखी विचारलंय की आठवड्यात तीन दिवस मी सकाळी नसते कशी.

दिपा

*

करमाळा, २ जुलै २०२४

दिपे,

लेखी विचारलं म्हणजे आता वरवरच्या उपायानं भागायचं नाही.

सोबतच्या कागदावर तुझं वेळापत्रक करून पाठवतेय. भिंतीला लाव. सकाळी उठल्यापासून सगळं बसवलंय. पाण्याच्या दिवसाचं वेगळं केलंय. स्वयंपाकाची तयारी आदल्या संध्याकाळी, मायाचा डबा तिचा तिनं भरायचा, मोठी झाली आता. अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरायची ती तिथंच भरून यायची, घरी न्यायची नाही. मध्ये मध्ये थोडा रिकामा वेळ सोडलाय, तो भरू नकोस. आमच्याकडंही एक गाडी उभीच ठेवतात. एखादी बंद पडली तर तीच कामाला येते.

पण एका ठिकाणी तुला मन घट्ट करावं लागेल. तिन्ही दिवस तू त्या बाकावर बसून काय करतेस? आत तर तुला घेत नाहीत. बिरुदेवराव परवा कारखान्यापर्यंत एकटे गेले आणि आले, हे तूच लिहिलंस. मग एक दिवस दवाखान्यात का नाही जाणार? मंगळवारी आणि शनिवारी तू जा. गुरुवार त्यांना एकट्याला जाऊ दे. ओळखीचा रिक्षावाला ठरव. तुला अंगणवाडीत पूर्ण दिवस मिळेल, मॅडमचं तोंड बंद होईल. आणि त्यांनाही बरं वाटेल. माणसाला सारखं धरून चालवलं की तो चालायचंच विसरतो.

नोकरी गेली तर औषधं कशी आणशील, याचा विचार कर.

रुपाली

*

सोलापूर, १० ऑगस्ट २०२४

अक्का,

आज शनिवार, म्हणून बाकावरून लिहितेय. गुरुवारची पत्रं बंद झाली बघ.

गुरुवारचं मी भीत भीत विचारलं होतं. मला वाटलं हे चिडतील. तर म्हणाले, "जातो की एकटा. मला काय पाय न्हाईत व्हय?" पहिल्या गुरुवारी मी अंगणवाडीतून चार वेळा फोन केला. चौथ्यांदा म्हणाले, "दिपाली, मशीन चालू हाय, झोपू दे." मग मी करायचं सोडलं. आता दर गुरुवारी खिळ्यावरची पिशवी घेऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. मी हसून म्हटलंसुद्धा, दवाखान्याला निघाला का लग्नाला? मॅडम परवा स्वतःहून म्हणाल्या, आता तुमचं काम वेळेत येतं. अक्का, किती दिवसांनी कोणी चांगलं बोललं गं.

एकच काळजी आहे. ह्यांचं वजन वाढतंय. दोन डायलिसिसच्या मधे जेवढं वाढायला हवं त्याच्या कितीतरी जास्त. आज सिस्टर माझ्यावरच ओरडल्या, "पाणी किती देताय तुम्ही यांना?" मी तर मोजून देते. पण आता वाटतं, मी अंगणवाडीत असताना हे पिंपातलं पीत असतील. विचारलं तर मान हलवतात. नक्की काय ते कळत नाही.

पायावर सूजही आहे.

दिपा

*

करमाळा, १८ ऑगस्ट २०२४

दिपे,

माणूस तहानेपुढं खोटं बोलतो, त्यात नवल नाही. आमच्याकडं एका कंडक्टरच्या भावाचं असंच होतं. चूळ भरायला म्हणून जायचा आणि गिळायचा.

पिंपांना झाकण लावून वर वजन ठेव. त्यांची बाटली वेगळी, तिच्यावर रेघा मारून सकाळी भरून दे आणि संध्याकाळी बघ. मायाला सांग, शाळेतून आली की लक्ष ठेव. कठोर वाटेल, पण जीवापेक्षा काय? चहा पूर्ण बंद कर. तोंड कोरडं पडलं तर बडीशेप दे चघळायला.

गुरुवारचं जमलं ऐकून बरं वाटलं. सुरुवातीला अवघड जातं, मग बसतं सगळं.

तू स्वतः जेवतेस ना वेळेवर?

रुपाली

*

सोलापूर, १४ सप्टेंबर २०२४

अक्का,

आज जास्त लिहवत नाही. काल घरात भांडण झालं. बाटलीतलं पाणी दुपारीच संपलेलं. संध्याकाळी ह्यांनी अर्धा पेला मागितला, मी दिला नाही. म्हटलं, "मला सिस्टरच्या शिव्या खायला लावता, आणि वर मागता?" माया रडायला लागली. हे ओठ ओले करून भिंतीकडं तोंड करून पडले.

झोपताना श्वास लागतो. दोन उशा घेऊन बसूनच झोपतात. डॉक्टरांनी पाणी अजून कमी करायला सांगितलंय. मी कमी केलंय.

तरी परवा गुरुवारी गेले एकटे. म्हटलं मी येते, तर म्हणाले, "नगं. तुझा दिवस मोडतो." माझ्या दिवसाची त्यांना किती काळजी.

दिपा

*

करमाळा, १३ ऑक्टोबर २०२४

दिपे,

तेराव्याला तू माझ्याकडं बघितलं नाहीस. घरात माणसं होती, तुझ्या सासूबाईंना आवरता आवरत नव्हतं, म्हणून मी दुपारच्या गाडीनं निघून आले. पण इथं आल्यापासून कामात मन नाही. काल पंढरपूरची गाडी नगरच्या फलाटावर लावायला सांगितली मी.

बिरुदेवराव गुरुवारी गेले. तुला मैनुद्दीनभाईंचा फोन आला आणि तू कारखान्याकडं धावलीस, एवढंच मला लोकांकडून कळलं. दिपे, गुरुवारी ते दवाखान्यात असायला हवे होते. कारखान्यात कसे? मी तिथं कोणाला विचारू शकले नाही. तुला तर नाहीच.

मनात जे येतंय ते मी लिहीत नाही. तूच सांग. खरं असेल ते सांग. माझ्यामुळं झालं का?

रजा टाकून ठेवलीय. तू म्हणशील त्या दिवशी येते. मायाला इकडं आणू का थोडे दिवस?

रुपाली

*

सोलापूर, १९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं. मी ते अंगणवाडीतच ठेवलं होतं, घरी आणलं नाही. आज मंगळवार. सकाळी कुठं जायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

झालं ते असं.

गुरुवारी सकाळी हे निघाले. मी त्यांच्या आधीच बाहेर पडले होते, पोलिओचं काम होतं. पोरं खिचडी खात होती तेव्हा मैनुद्दीनभाईंचा फोन आला. "भाभी, बिरू पडलाय. लवकर या." मी म्हटलं, "दवाखान्यात का?" ते म्हणाले, "नाही, कारखान्यात." मी दोनदा विचारलं, कुठं. मला वाटलं ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलतायत.

मी पोचले तेव्हा त्यांना रिक्षात घालत होते. हाताला कापडावर आखायच्या खडूचा निळा रंग होता. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते. मी मांडीवर डोकं घेतलं आणि सारखी म्हणत राहिले, अहो, मी आलेय. रिक्षा सिग्नलला थांबली तिथं श्वास थांबला. हे मला नंतर कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं डायलिसिस कधी झालं? मी म्हटलं, मंगळवारी, आणि आज व्हायचं होतं. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, "गुरुवारी कुठं करत होता तुम्ही?"

अक्का, ते गुरुवारी जातच नव्हते. पहिले दोन-तीन गुरुवार गेले असतील. नंतर नाही. तिथल्या सिस्टरना सांगितलं होतं की गुरुवारचं मी घराजवळच्या दवाखान्यात करतो. त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही. वजन वाढत होतं ते त्यामुळं. माती झाल्यावर दोन दिवसांनी मैनुद्दीनभाई आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. "कसम से भाभी, मेरे कू मालूम नहीं था," म्हणाले, आणि रडायला लागले. मग मराठीत सांगितलं सगळं. नमुने द्यायला गेले त्या दिवशी ह्यांनी कापडाचं एक थान कापून दाखवलं. हात तसाच चालला. मग महिन्याभरानं परत आले आणि म्हणाले, "मैनू, डाक्टरनं माझा एक दिवस कमी केलाय. गुरुवारी येत जाऊ का?" भाईंनी होय म्हटलं. त्यांना आनंदच झाला. दर गुरुवारी हे यायचे, टेबलाशी उभे राहायचे, दम लागला की बसायचे, परत उभे राहायचे. दुपारी सगळ्यांबरोबर डबा खायचे. एकदा म्हणाले होते, "आठवड्यातला ह्यो एक दिवस मी पेशंट न्हाय."

मला हे कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी काय केलं असतं? ओरडले असते. हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. बहुतेक म्हणूनच बोलले नाहीत.

पण मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. मी त्यांचं पाणी तोडलं, अक्का. त्यांना ठाऊक होतं वजन कशानं वाढतंय. "पाण्यानं न्हाय गं, मीच जात न्हाय," एवढं एक वाक्य होतं. ते बोलले असते तर गुरुवार गेला असता. म्हणून तहान सोसली. आणि मी त्यांना चोर म्हणत राहिले. मायासमोर. ती आता पाणी प्यायला घेते तेव्हा माझ्याकडं बघते. तिनं पण बाबांवर पहारा केला होता ना.

सासूबाई गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुला येळ न्हवता का गं माझ्या लेकरासाठी?" त्यांचा मुलगा गेलाय, त्यांनी काहीही म्हणावं.

तू विचारलंस, माझ्यामुळं झालं का. तू करमाळ्यात बसून सांगितलंस, मी इथं ऐकलं, ते गेले नाहीत. ह्यात कोणाचं किती, ते मी मोजायला बसले होते. एका दिवशी सगळं तुझ्या अंगावर घातलं. दुसऱ्या दिवशी सगळं माझ्या. एकदा त्यांच्यावरही. त्यांच्यावर घातलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता मोजणं सोडलंय. उत्तर माझ्याजवळ नाही, आणि नसताना "तुझ्यामुळं नाही गं" असं लिहून तुला मोकळं करणं मला जमणार नाही.

मला तुझा राग आहे. कशाचा ते धड सांगता येत नाही. तू माझं भलंच बघितलंस, त्याचाच असेल. तुझ्यामुळं नोकरी टिकली, आणि आज तीच आम्हा मायलेकींना धरून आहे. हे कळतं तसा राग आणखी वाढतो.

मायाला पाठवत नाही. रात्री ती माझा हात धरून झोपते. तिच्यासाठी धरते का माझ्यासाठी, कोण जाणे. तूही आत्ता रजा घेऊन येऊ नकोस. आत्ता आलीस तर मी काहीतरी बोलून बसेन आणि ते परत घेता यायचं नाही.

संक्रांतीला ये. तोवर माझा राग गेला असेल असं काही मी म्हणत नाही. गेला नसला तरी ये. मी दार उघडेन. बोलले नाही तरी तू आत येऊन बस.

दिपाली